विश्लेषण : जुन्या ट्रकचा स्पीडोमीटर खोटे का बोलतो?

दापोलीहून मुरुडच्या किनाऱ्याकडे उतरणाऱ्या वळणावळणाच्या रस्त्यावर जुना ट्रक चालवताना काटा 40 दाखवतो आणि प्रत्यक्ष वेग 46 असतो. असे का होते?

काटा फिरतो कसा?

जुन्या ट्रकमध्ये वेग गिअरबॉक्समधून मोजला जातो. आउटपुट शाफ्टवर एक छोटा गिअर असतो. तो दुसऱ्या दातेरी गिअरला फिरवतो आणि त्याला जोडलेली केबल मीटर फिरवते. म्हणजे मीटरला चाकाचा नव्हे, शाफ्टचा वेग कळतो.

गणित काय?

समजा, टायर एका फेऱ्यात 3 मीटर जातो आणि क्राऊन-पिनियनचे प्रमाण 6 आहे. मग एका किलोमीटरला शाफ्टचे 2000 फेरे होतात. मीटरला किलोमीटरमागे केबलचे 625 फेरे हवेत आणि शाफ्टवरच्या गिअरला 6 दाते आहेत. 2000 गुणिले 6 भागिले 625, म्हणजे 19.2. केबलच्या गिअरला 19 दाते हवेत. तिथे 22 दात्यांचा बसवला, तर मीटर सुमारे 13 टक्के कमी दाखवतो.

चूक कुठे होते?

टाटा-मर्सिडीज ट्रक 1954 मधील टेल्को आणि डायम्लर-बेंझ यांच्या करारातून आले. ही भागीदारी 1969 पर्यंत टिकली. एवढ्या जुन्या गाडीत गिअरबॉक्स, क्राऊन-पिनियन किंवा टायर बदललेले असू शकतात. मोठा टायर घातला की मीटर कमी दाखवतो. मैलांचा मीटर असेल, तर हिशेबही मैलांचाच हवा.

नुसते दाते जुळले की झाले?

नाही. दात्यांचा तिरकसपणा आणि त्याची दिशाही जुळावी लागते, नाहीतर दाते झिजतात. दात्यांची संख्या बदलली की गिअरचा व्यासही बदलू शकतो. मग तो बसण्याची जागा तपासावी लागते.

घरच्या घरी तपासणी कशी?

टायरवर खडूने खूण करा, सपाट जागी ट्रक एक फेरा पुढे ढकला आणि अंतर मोजा. मग मीटरमागची केबल सोडून ठरावीक अंतरात तिचे फेरे मोजा. शेवटी मोबाइलच्या जीपीएसशी वेग ताडून पाहा.

एवढा खटाटोप कशासाठी?

केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 नुसार वाहनात स्पीडोमीटर असणे बंधनकारक आहे. शिवाय डिझेलचा अ‍ॅव्हरेज आणि ऑइल बदलण्याची वेळ याच मीटरच्या आकड्यावर ठरते. आणि उतारावर ब्रेक कधी दाबायचा, हेही अनेकदा काटा पाहूनच ठरते.