कुत्र्याला समुद्र नसतो

चैत्री पौर्णिमेला विवळवेढ्याला महालक्ष्मीची जत्रा भरते. पाळणे, मिठाई, नवसाची माणसे आणि त्यांच्या पायांत घुटमळणारी कुत्री. शेजारूनच मुंबई-अहमदाबाद महामार्ग जातो. अशा रस्त्यावर पाय मोडलेले कुत्रे कुणी उचलून प्राण्यांच्या आश्रमात पोचवले, की आपण म्हणतो, 'सुटले बिचारे!' खरा प्रश्न तिथून पुढे असतो.

डहाणूत जखमी समुद्री कासवांवर उपचार होतात. कासव बरे झाले की समुद्रात सोडतात. कुत्र्याला समुद्र नसतो. २०२३ च्या नियमांप्रमाणे नसबंदी आणि लसीकरण करून भटके कुत्रे त्याच्याच वस्तीत परत सोडायचे. पण तीन पायांच्या कुत्र्याला महामार्गावर कसे सोडणार? त्याला घरच हवे. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात दत्तकाची वाट ठेवली, ती ते कुत्रे पुन्हा रस्त्यावर येणार नाही या जबाबदारीसकट.

बँकेत कर्ज देताना आम्ही अर्जदाराचा उत्साह पाहत नसू; शेवटचा हप्ता येईल का, ते पाहत असू. इथेही तेच पाहावे. हे दहा-बारा वर्षांचे देणे आहे. घरातल्या सगळ्यांची संमती आहे का? मे महिन्यात गावी गेलात तर ते कुणाकडे राहील? म्हातारपणी त्याला जिना कोण उतरवील?

भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेले नामदेव कीर्तनातून आपल्याला ठाऊक आहेत. एका दिवसाचे तूप आपणही देऊ. आश्रमातल्या कुत्र्याला हवे असते ते दाराशी रोजचे, हक्काचे पोते.