डोंगरधारेवरचा ट्रेक आणि आपलं रक्त

आपल्या वस्तीतली कॉलेजची मुलं-मुली, नोकरीला लागलेली तरुण मंडळी आता सुटीत हिमालयात ट्रेकला जाऊ लागली आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. आपल्या आजी-आजोबांची पायपीट पोटासाठी होती, नातवंडं हौसेनं चालताहेत. २५ मे २०१४ रोजी आजच्या तेलंगणातल्या समाजकल्याण निवासी शाळांत शिकणारी पूर्णा मालावत आणि आनंद कुमार ही आदिवासी आणि दलित घरांतली मुलं एव्हरेस्टवर पोहोचली. पूर्णा तेव्हा फक्त १३ वर्षांची होती. २०१८ साली आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे पाच विद्यार्थी तिथं जाऊन आले. डोंगर कुणाच्या बापजाद्यांची मिरास नाही, हे या मुलांनी दाखवून दिलं.

पण ती मुलं कित्येक महिने प्रशिक्षण घेऊन, तपासण्या करून गेली होती. आपण जाहिरात पाहतो, पैसे भरतो, बूट घेतो आणि निघतो. रक्त तपासायचं कुणाच्या डोक्यातही येत नाही. विदर्भातल्या आपल्या समाजासाठी तर हीच सगळ्यात महत्त्वाची तयारी आहे. कसं, ते एका प्रत्यक्ष वाटेच्या उदाहरणावरून पाहू.

सिंगलीलाची धार

दार्जिलिंग जिल्ह्यात भारत-नेपाळ सीमेवर सिंगलीला नावाची डोंगरधार आहे. मानेभंजांग या सुमारे २००० मीटर उंचीवरच्या गावातून चाल सुरू होते. पहिला मुक्काम तुमलिंग किंवा टोंगलूला, म्हणजे २९०० ते ३००० मीटरच्या आसपास. दुसरा काली पोखरीला, साधारण ३१०० मीटरवर. तिसऱ्या दिवशी सांदकफू, ३६३६ मीटर. पश्चिम बंगालमधलं हे सर्वांत उंच ठिकाण. आपलं कळसूबाई १६४६ मीटर आहे, म्हणजे सांदकफू त्याच्या दुपटीहून उंच. पुढं धारेवरूनच सुमारे २१ किलोमीटर चालून फालूट आणि मग गोरखे, श्रीखोला अशी उतराई. सगळे मिळून पाच-सहा दिवस. राष्ट्रीय उद्यान असल्यामुळं स्थानिक गाईड सोबत घ्यावा लागतो. पावसाळ्यात, १५ जून ते १५ सप्टेंबर, उद्यान बंद असतं.

वाटेत चोर्तेन आणि प्रार्थनेच्या पताका दिसतात. आकाश स्वच्छ असेल तर सांदकफूवरून कांचनजंगा आणि शेजारची शिखरं मिळून आडवा पहुडलेला बुद्ध दिसतो. तिथले लोक त्याला निद्रिस्त बुद्धच म्हणतात. आपल्याला महापरिनिर्वाण मुद्रेची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. पण डोळे भरून तो पाहायचा असेल, तर डोकं ठिकाणावर आणि श्वास ताब्यात हवा.

उंचीवर शरीरात काय होतं

उंचीवर हवेत प्राणवायूचं प्रमाण तेवढंच असतं, पण हवेचा दाब कमी होतो. सांदकफूला तो समुद्रसपाटीच्या साधारण ६४ टक्के असतो. म्हणजे प्रत्येक श्वासाबरोबर प्राणवायूही तेवढाच कमी मिळतो. शरीर हळूहळू जुळवून घेतं, त्याला वेळ मात्र द्यावा लागतो. म्हणून ३००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी.

वर सांगितलेली पायी वाट या नियमात जवळपास बसते. पण मानेभंजांगहून सांदकफूला आता गाडीही जाते. काही तासांत १६०० मीटर वर चढून लगेच तिथंच झोपणं, ही सोय नाही, धोका आहे. पायी जाणारा दमतो, पण त्याचं शरीर तयार होत जातं.

डोकेदुखी आणि तिच्यासोबत मळमळ, ओकारी, भूक मंदावणं, चक्कर किंवा गळून गेल्यासारखं वाटणं, ही उंचीच्या आजाराची पहिली खूण. अशा वेळी वर चढायचं नाही. आहे तिथंच थांबायचं, पाणी प्यायचं, गाईडला सांगायचं. त्रास वाढला तर उतरायचं.

दोन खुणा दिसल्या तर सकाळची वाट पाहायची नाही. पहिली, माणूस झोकांड्या खातो, असंबद्ध बोलतो. त्याला टाचेला अंगठा लावून सरळ रेषेत चालायला सांगा. जमलं नाही तर मेंदूला सूज आली असं धरून चाला. दुसरी, बसल्या जागी धाप लागते, खोकल्यातून फेसाळ किंवा गुलाबी थुंकी येते. म्हणजे फुप्फुसात पाणी झालं आहे. दोन्हींवर पहिला उपाय एकच, ताबडतोब खाली नेणं. प्राणवायूचं सिलिंडर आणि औषधं मदत करतात, पण उतरण्याची जागा घेऊ शकत नाहीत. दिवा लावून, मंत्र म्हणून, लसूण खाऊन हे बरं होत नाही.

धारेची एक अडचण ध्यानात ठेवा. साध्या शिखरावरून परत फिरलं की आपण उतरू लागतो. धारेवर मात्र तासन्‌तास चाललं तरी उंची फारशी कमी होत नाही. सांदकफू ते फालूट हा टप्पा असाच आहे. म्हणून निर्णय सांदकफूलाच घ्यायचा. रात्री डोकं दुखलं असेल, सकाळी जेवण जात नसेल, तर फालूट सोडा आणि गुर्दुममार्गे श्रीखोलाला उतरा.

सिकलसेल: घरातून निघण्यापूर्वीची तपासणी

विदर्भात आदिवासी समाजाबरोबरच आपल्या समाजातही सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे. या आजारात प्राणवायू कमी पडला की रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. उंची, थंडी, अतिश्रम आणि पाणी कमी पडणं, या चारही गोष्टी पेशी वाकड्या व्हायला मदत करतात. ट्रेकमध्ये चारही एकत्र येतात.

ज्यांना सिकलसेलचा आजार आहे (एसएस), त्यांनी अशा उंचीवर जाऊ नये. जे वाहक आहेत (एएस), त्यांना एरवी काहीच त्रास नसतो आणि म्हणूनच त्यांना स्वतःला माहीत नसतं. अनेक वाहक उंचीवर व्यवस्थित जाऊन येतात. पण काहींच्या पाणथरीचा रक्तपुरवठा अडतो. डाव्या बरगडीखाली जोराची कळ येते, ओकारी होते. हे पित्त नव्हे, गॅस नव्हे. ताबडतोब उतरून रुग्णालय गाठायचं आणि डॉक्टरांना "मी सिकलसेल वाहक आहे" हे आधी सांगायचं.

तपासणी अवघड नाही. सरकारी आरोग्य केंद्रात सोल्युबिलिटी चाचणी होते. ती पॉझिटिव्ह आली तर वाहक की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीतून कळतं. १ जुलै २०२३ पासून केंद्र सरकारचं सिकलसेल निर्मूलन अभियानही सुरू आहे. वाहक असणं हा दोष नाही, लपवण्याची गोष्ट तर अजिबात नाही. लपवलेली माहिती डोंगरात कुणाच्याच कामी येत नाही.

त्याचबरोबर हिमोग्लोबिन तपासा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. ताई, रक्त कमी असेल तर ट्रेक सहा महिने पुढं ढकला, आधी उपचार पूर्ण करा. दमा, रक्तदाब, हृदयाचा आजार किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पैसे भरू नका. उंचीच्या आजारासाठी दिली जाणारी डायमॉक्सची गोळी मित्राच्या सांगण्यावरून घेऊ नका. सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी आणि सिकलसेलच्या वाहकांनी तर मुळीच नाही.

तंबूतल्या सवयी

ओले कपडे अंगावर ठेवून झोपू नका. झोपण्याचा कोरडा जोड वेगळा ठेवा. खालची जमीन अंगातली ऊब ओढून घेते, म्हणून पांघरुणाइतकंच अंथरूण जाड हवं. तंबूत स्टोव्ह किंवा शेगडी पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. धारेवर पाण्याचे झरे कमी, म्हणून मुक्कामावरच बाटल्या भरा. पाणी खळखळून तीन मिनिटं उकळलेलं असावं. दिवसभरात तीन लिटर तरी पोटात जायला हवं. शौचाला जायला नको म्हणून पाणी कमी पिऊ नका. दारू आणि झोपेच्या गोळ्या टाळा. विजा कडाडू लागल्या तर धारेच्या माथ्यावरून खाली सरका.

शौचासाठी खड्डा असतो. आपली घाण आपण मातीनं झाका, वापरलेले पॅड कागदात गुंडाळून पिशवीत घालून परत आणा. दुसऱ्यानं आपली घाण उचलायची, ही रीत मोडायला आपल्या माणसांनी किती सोसलं आहे. ती डोंगरावर पुन्हा सुरू करायला नको.

पैसे भरण्यापूर्वी विचारा

गाईडनं प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेतलं आहे का? प्राणवायूचं सिलिंडर सोबत आहे का? कुणी आजारी पडलं तर त्याला खाली कोण नेणार आणि बाकीच्यांजवळ कोण थांबणार? सर्वांत जवळचं रुग्णालय कोणतं? आणि एक प्रश्न आवर्जून विचारा: ओझं वाहणाऱ्या भावांना गरम कपडे, झोपायला कोरडी जागा आणि विमा आहे का? उंचीचा आजार त्यांनाही होतो. मजुरी बुडेल म्हणून ते सांगत नाहीत, इतकंच. कामगारांच्या हक्कांसाठी मजूरमंत्री म्हणून झटलेल्या बाबासाहेबांची आपण लेकरं. आपली पाठ मोकळी राहावी म्हणून दुसऱ्याची मोडू देऊ नये.

उन्हाळी सुटीच्या ट्रेकचं ठरत असेल तर या महिन्यातच रक्त तपासून घ्या. विहारातल्या तरुण मंडळानं एका रविवारी आरोग्य केंद्राशी बोलून सगळ्यांची तपासणी एकत्र केली तर आणखी चांगलं. ज्यांच्या तपासणीत काही निघेल, त्यांच्यासाठी कमी उंचीची वाट निवडा, त्यांना मागं सोडू नका. आपला सह्याद्रीही कमी देखणा नाही.

जयभीम!