नाव ठेवलं दुसऱ्यांनीच!

चार्ली ब्राऊन आणि त्याचा कुत्रा स्नूपी मुलांच्या ओळखीचे. पण त्यांच्या चित्रमालिकेचं नाव ‘पीनट्स’, म्हणजे शेंगदाणे, का बरं?

अमेरिकेतले चित्रकार चार्ल्स शुल्झ यांनी आधी नाव ठेवलं होतं ‘लिल फोक्स’, म्हणजे चिमुकली मंडळी. ते दुसऱ्या मालिकांच्या नावांशी मिळतंजुळतं, म्हणून १९५० साली वितरक कंपनीनं परस्पर बदलून टाकलं! तेव्हा टीव्हीवरच्या ‘हाउडी डूडी’ कार्यक्रमात मुलं बसायची त्या जागेला ‘पीनट गॅलरी’ म्हणत. त्यावरून हे सुचलं.

शुल्झना ते नाव हलकं वाटे. जन्मभर आवडलं नाही. तरी २००० सालापर्यंत, जवळजवळ ५० वर्षं, त्याच नावानं त्यांनी चित्रं काढली.

लग्नात नाव बदललेल्या मैत्रिणींना त्यांचं मन वेगळं उलगडून सांगायला नको!