कोनांच्या जोड्यांचे अध्यापन आणि गटकार्य : उच्च प्राथमिक स्तराच्या संदर्भात

प्रस्तावना

सातवीच्या वर्गात फळ्यावर परस्परांना छेदणाऱ्या दोन रेषा काढून समोरासमोरच्या कोनांचे नाव विचारले, तर बहुतेक हात वर होतात. तीच आकृती थोडी फिरवली, एक रेषा लांब व दुसरी आखूड काढली किंवा छेदनबिंदूतून आणखी एक किरण काढला, की वर झालेले हात खाली येऊ लागतात. विद्यार्थी नाव विसरलेले नसतात. ते नाव त्यांनी एका विशिष्ट चित्राला चिकटवलेले असते आणि चित्र बदलताच नाव निखळते.

याचे कारण संकल्पनेच्या स्वरूपात आहे. लघुकोन, काटकोन, विशालकोन ही एकेका कोनाची नावे होत. कोटिकोन, पूरक कोन, संलग्न कोन, रेषीय जोडीतील कोन आणि विरुद्ध कोन ही मात्र दोन कोनांमधील नात्याची नावे आहेत. एकटी स्त्री ज्याप्रमाणे कोणाची तरी जाऊ असल्याखेरीज 'जाऊ' ठरत नाही, त्याप्रमाणे एकटा कोन 'पूरक' ठरत नाही. शिवाय ही नाती दोन प्रकारची आहेत. कोटिकोन व पूरक कोन यांचा संबंध केवळ मापांशी असतो. एक कोन वहीच्या पहिल्या पानावर व दुसरा शेवटच्या पानावर असला तरी चालते. संलग्न कोन व विरुद्ध कोन ही नाती स्थानावर अवलंबून असतात. रेषीय जोडी स्थानावरून ओळखली जाते. परंतु तिच्यातून मापाचा निष्कर्ष आपोआप निघतो. बालभारतीच्या २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या सातवीच्या पाठ्यपुस्तकात 'कोन व कोनांच्या जोड्या' या प्रकरणात ही सर्व नाती एकापाठोपाठ येतात. आठवीतील समांतर रेषा व छेदिका आणि नववीतील सिद्धता यांचा पाया येथेच घातला जातो. हा पाया कच्चा राहिलेला विद्यार्थी पुढे प्रमेये पाठ करतो. त्याच्यापुढे दुसरा मार्ग उरलेला नसतो.

शब्दांची अडचण

या घटकातील गोंधळ काही अंशी भाषेचाही आहे, आणि त्याकडे अध्यापक-शिक्षणात पुरेसे लक्ष दिले जात नाही. व्यवहारात 'पूरक' म्हणजे उणीव भरून काढणारे. पूरक आहार, पूरक वाचन. हा अर्थ मनात असलेल्या विद्यार्थ्याला बेरीज १८०° असलेल्या कोनांनाच 'पूरक' का म्हणावे आणि ९०° असलेल्यांना का म्हणू नये, याचा उलगडा होत नाही. हिंदी माध्यमाच्या पुस्तकांत तर बेरीज ९०° असलेल्या कोनांना 'पूरक कोण' आणि १८०° असलेल्यांना 'संपूरक कोण' म्हणतात. आज मराठी माध्यमाचा विद्यार्थीही हिंदीतील दृक्‌श्राव्य पाठ पाहतो. त्यामुळे एकच शब्द दोन ठिकाणी दोन मापे सांगताना त्याला दिसतो. सेमी-इंग्रजी वर्गात कॉम्प्लिमेंटरी या शब्दाचा कोशातील अर्थ 'पूरक' असा सापडतो आणि घोळ आणखी वाढतो.

'कोटि' हा शब्द मात्र अर्थवाही आहे. संस्कृत गणितात काटकोन त्रिकोणाच्या दोन लंब बाजूंना भुज व कोटि म्हणत, आणि कोटिज्या म्हणजे कोटिकोनाची ज्या. दहावीत त्रिकोणमिती शिकताना 'कोज्या' या शब्दाशी हा धागा जुळतो. सातवीत एवढे सांगण्याची गरज नाही; शिक्षकाला ते ठाऊक असावे, इतकेच.

'विरुद्ध' या शब्दाचा व्यवहारातील अर्थ 'उलट' असा असल्याने लघुकोनाचा विरुद्ध कोन विशालकोन असला पाहिजे, असाही काहींचा समज होतो. अशा समजुती वहीतील उत्तरांत दिसत नाहीत. मुले एकमेकांशी बोलू लागली की त्या बाहेर पडतात. गटकार्याचे पहिले प्रयोजन हे आहे.

गटकार्य कशासाठी

डच शिक्षणतज्ज्ञ पिएर व्हॅन हिले आणि दीना व्हॅन हिले-गेल्डोफ या दांपत्याने १९५७ साली उट्रेख्त विद्यापीठास सादर केलेल्या प्रबंधांत भूमितीय विचाराचे स्तर मांडले. पहिल्या स्तरावर मूल आकृती एकसंध रूपाने ओळखते. दुसऱ्या स्तरावर तिचे गुणधर्म पाहते. तिसऱ्या स्तरावर गुणधर्मांचे परस्परसंबंध जोडते. प्रत्येक स्तराची भाषा वेगळी असते, आणि भिन्न स्तरांवर असलेल्या दोन व्यक्ती एकच शब्द वापरूनही एकमेकांस समजत नाहीत, हे त्यांचे निरीक्षण वर्गाध्यापनास फार लागू पडते. 'व्याख्येत सांगितलेच आहे' असे म्हणणारा शिक्षक आणि 'चित्र तसे दिसत नाही' असे म्हणणारा विद्यार्थी यांच्यात हेच घडते. नुकताच दुसऱ्या स्तरावर पोहोचलेला सहाध्यायी मात्र त्या विद्यार्थ्याची अडचण अधिक जवळून जाणतो. व्हिगॉट्स्की यांनी अधिक सक्षम सहाध्यायांच्या साहाय्यास जे महत्त्व दिले, त्याचाही आशय असाच आहे.

परंतु चार मुले एकत्र बसवली म्हणजे गटकार्य झाले, असे नव्हे. अनेक पाठांत गटाला रंगीत कागद व कात्री दिली जाते. एक हुशार विद्यार्थी कापतो, सुवाच्य अक्षराची एखादी मुलगी नावे लिहिते आणि उरलेले दोघे पाहत राहतात. तक्ता सुंदर होतो, पण त्यात वाद घालण्याजोगे काहीच नसते. मिनेसोटा विद्यापीठातील डेव्हिड व रॉजर जॉन्सन यांनी सहकारी अध्ययनासाठी परस्परावलंबन आणि प्रत्येकाचे व्यक्तिगत उत्तरदायित्व या अटी आग्रहाने मांडल्या आहेत. एलियट ॲरन्सन यांनी १९७१ साली टेक्सासमधील ऑस्टिन येथे वापरलेल्या जिगसॉ पद्धतीचे मर्मही तेच आहे : माहितीचा एकेक तुकडा एकेका मुलाकडेच असावा, म्हणजे कोणालाही वगळून काम पुरे होणार नाही.

चार चिठ्ठ्या

ही पद्धत कोनांच्या जोड्यांना सहज लावता येते. चौघांच्या गटात प्रत्येकाला एक चिठ्ठी द्यावी. चिठ्ठी वाचून सांगावयाची, पण दुसऱ्याच्या हाती द्यावयाची नाही. पहिली : 'हे दोन कोन परस्परांचे पूरक आहेत.' दुसरी : 'एकाचे माप दुसऱ्याच्या दुप्पट आहे.' तिसरी : 'त्यांचा शिरोबिंदू व एक भुजा सामाईक आहे.' चौथी : 'ते रेषीय जोडीतील कोन नाहीत.' गटाने आकृती काढावयाची.

पहिल्या दोन चिठ्ठ्यांवरून ६०° व १२०° ही मापे लवकर सापडतात. तिसरी ऐकताच बहुधा रेषीय जोडी काढली जाते, आणि चौथी चिठ्ठी ती खोडून काढते. 'असे होऊच शकत नाही. चिठ्ठी चुकली आहे', असे म्हणण्याचा मोह येथे होतो. शिक्षकाने नेमके याच वेळी गप्प राहावे. हे सोपे नाही. उत्तर असे की, सामाईक भुजेच्या एकाच बाजूला ६०° व १२०° चे कोन काढावेत. लहान कोन मोठ्या कोनाच्या पोटात जातो. अंतर्भाग वेगळे नसल्याने हे कोन संलग्न नाहीत, म्हणून रेषीय जोडीतही नाहीत. ६०° च्या कोनाची दुसरी भुजा १२०° च्या कोनाला दुभागते, हेही एखाद्या गटाच्या लक्षात येते. संलग्न कोनांच्या व्याख्येतील 'अंतर्भाग वेगळे' ही अट, जी एरवी केवळ पाठ केली जाते, ती का आहे हे येथे मुलांना स्वतः शोधावे लागते.

मापनातील मतभेद

विरुद्ध कोनांसाठी अधिक साधी कृती पुरेशी आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने आकृतीतील चारही कोन कोनमापकाने स्वतंत्रपणे मोजावेत व मापे गटात वाचावीत. एकाला ६२° व ६१°, दुसऱ्याला दोन्ही ६२°, तिसऱ्याला ६३° व ६१° असे आढळू शकते. अनेक शिक्षक येथे 'मोजण्यात चूक झाली, ते समानच असतात' असे सांगून पुढे जातात आणि घटकातील सर्वांत मोलाचा क्षण गमावतात. चौघांची मापे जुळत नाहीत, तर खरे कोणाचे मानावे? कोनमापक हा निवाडा करू शकत नाही. मग शेजारच्या कोनाकडे वळावे लागते. पहिला व दुसरा कोन मिळून १८०°, दुसरा व तिसरा मिळूनही १८०°. दुसरा दोन्हीकडे तोच, म्हणून पहिला व तिसरा समान. हा युक्तिवाद मुलांकडून निघाला तर उत्तम; न निघाल्यास 'दुसऱ्या कोनाचा काही उपयोग होईल का?' एवढाच प्रश्न पुरतो.

हा गुणधर्म थेलीसने ओळखला आणि त्याची शास्त्रीय सिद्धता युक्लिडने दिली, अशी नोंद प्रोक्लसने केली आहे; युक्लिडच्या पहिल्या ग्रंथातील ते पंधरावे प्रमेय होय. दिसणे आणि सिद्ध होणे यांतील अंतर वर्गाला ओलांडण्यास एक तासिका लागली, तर तो वेळ वाया गेला असे समजू नये.

वर्गातील वास्तव आणि मूल्यमापन

शिक्षणहक्क कायदा, २००९ नुसार उच्च प्राथमिक स्तरावर ३५ विद्यार्थ्यांमागे किमान एक शिक्षक अपेक्षित आहे. प्रत्यक्षात ज्या वर्गात ६० मुले दाटीने बसतात, तेथे पुढच्या बाकावरील दोघांनी मागे वळून बसणे एवढीच हालचाल शक्य असते. चौघांचा गट त्यासाठीही सोयीचा आहे. सहा-सात जणांच्या गटात गप्प राहणाऱ्याला लपण्यास जागा मिळते. गटाने उत्तर काढल्यावर ते कोणी सांगावयाचे, हे चिठ्ठी टाकून ठरवावे. आपले नाव निघेल या जाणिवेने मागे राहणारा विद्यार्थी प्रश्न विचारतो, आणि हुशार विद्यार्थ्यालाही त्याला समजावून देण्यात रस वाटू लागतो.

गोंगाट होणारच. सरावपाठाच्या निरीक्षणात शांततेला गुण देणाऱ्या प्राध्यापकांनी त्या गोंगाटात काय बोलले जात आहे, हे एखाद्या गटाजवळ थांबून ऐकावे. निरीक्षण-तक्त्यात त्यासाठी एक रकाना ठेवता येईल. लेखी चाचणीतही '४०° च्या कोनाच्या कोटिकोनाचे माप किती?' यासारख्या वजाबाकीवर न थांबता 'पूरक आहेत पण संलग्न नाहीत, अशी जोडी काढा', 'संलग्न आहेत पण रेषीय जोडीत नाहीत, अशी जोडी काढा', 'दोन विरुद्ध कोन परस्परांचे पूरक असतील, तर त्या रेषांविषयी काय सांगता येईल?' असे प्रश्न असावेत. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर एका ओळीचे आहे : प्रत्येक कोन ९०° चा, म्हणून रेषा परस्परांना लंब. ती ओळ लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने माप आणि स्थान ही दोन्ही नाती एकत्र वापरलेली असतात.