वस्तीवरचा उन्हाळा

गळिताचा शेवटचा ऊस गव्हाणीत पडतो, भोंगा थांबतो, ऊसतोडीच्या टोळ्या आपला चूल-संसार गाड्यांत भरून बीड-पाथर्डीच्या वाटेला लागतात. कारखान्याच्या वर्षातला मोठा भाग तिथे संपतो. गाळप किती, उतारा किती, पोती किती, याचे आकडे या अंकातून सभासद बंधूंपुढे दरवर्षी ठेवले जातातच. पण त्याच दिवसापासून सभासदाच्या वस्तीवर दुसरा एक हंगाम चालू होतो. चैत्रापासून मृगापर्यंतचा. त्याचा अहवाल कोणी छापत नाही, त्याचा लेखाजोखा कुठल्या वार्षिक सभेत वाचला जात नाही. म्हणून या वेळी आम्ही तोच लिहायला घेतला आहे.

आधी वस्तीविषयी दोन शब्द. प्रवरेवर भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले, कालवे आले, आणि १९५० मध्ये पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील व डॉ. धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नाने प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना उभा राहिला. ऊस आला तशी माणसे गावठाण सोडून रानात राहायला आली. आधी नुसते छप्पर, मग पत्र्याचे घर, मग गोठा, मग स्लॅब. आज आपल्या भागात गावात माणसे कमी आणि वस्त्यांवर जास्त, अशी कितीतरी गावे सापडतील. ‘गावात काय ठेवलंय?’ असे म्हणणारी म्हातारी माणसेसुद्धा जत्रेला आणि मतदानाला तेवढी गावात जातात. वस्तीचे सुख म्हणजे माल डोळ्यांपुढे राहतो. वस्तीचे दुःख म्हणजे काम पण डोळ्यांपुढेच राहते.

उन्हाळ्याची पहिली खूण वस्तीवर उन्हाने कळत नाही, वाढ्याने कळते. हंगाम चालू असतो तोवर उसाचे हिरवे वाढे मिळते, जनावरांची सोय होऊन जाते. तोडणी संपली की वाढे एकदम बंद. मग कडब्याची गंज उकलायची, घासाचे दोन वाफे पाणी देऊन जगवायचे, ज्याने शहाणपणाने मक्याचा मुरघास करून ठेवला असेल त्याने खड्डा उघडायचा. वाढ्याची चटक लागलेली गाय पहिले चार दिवस कडब्याला तोंड लावत नाही. जाता जाता एक सांगून ठेवतो. वाढ्यात ऑक्झॅलेट जास्त असते, ते अंगातले कॅल्शियम खाते. हंगामभर नुसत्या वाढ्यावर ठेवलेल्या गाईचे परिणाम पुढे उन्हाळ्यात दिसतात. म्हणून वाढे घालताना चुन्याची निवळी देण्याचे पशुवैद्य सांगतात ते उगीच नाही.

दिवस चारला उगवतो. उजाडायला वेळ असतो, पण नंतर ऊन कामच करू देत नाही. शेणकूर, झाडलोट, धारा आणि सहाच्या आत डेअरीवर दूध. आता बऱ्याच वस्त्यांवर धार काढायचे मशीन आले आहे, तरी मशीन धुवायला बाईमाणूसच लागते हे कुणाच्या ध्यानात येत नाही. भाकऱ्या उन्हाच्या आत उरकतात. बाजरी उष्ण पडते म्हणून होळीनंतर ज्वारी. भाजीपाला वाळून गेलेला असतो, तेव्हा माघात वाळवून ठेवलेली हरभऱ्याची भाजी, सांडगे, झुणका आणि कैरीचा ठेचा यांच्यावर दोन महिने निघतात. आठच्या पुढे पुरुषमाणूस रानात आणि बाकीचे घर पाण्याच्या मागे.

हे पाण्याचे गणित एकदा नीट मांडले पाहिजे. दुभत्या संकरित गाईला उन्हाळ्यात दिवसाला ८० ते १०० लिटर पाणी लागते. गोठ्यात पाच गाई म्हणजे चारशे-पाचशे लिटर. लाईट असेल, टाकी भरलेली असेल, तर ठीक. डीपी जळाला की हेच पाणी बादल्यांनी ओढावे लागते, आणि डीपी जळायचा मुहूर्त बहुतेक वैशाखातच असतो. चारशे लिटर म्हणजे वीस लिटरच्या वीस बादल्या. विहिरीपासून गोठा पन्नास पावलांवर धरला तरी जाऊन-येऊन दोन हजार पावले, त्यातली निम्मी ओझ्याने. हे ओझे कोणाच्या डोक्यावर असते ते घरोघर ठाऊक आहे. ज्यांनी दावणी काढून मुक्त गोठा केला, मधोमध हौद बांधला, लिंबाची किंवा शेडनेटची सावली केली, त्यांच्या गाई हव्या तेव्हा पाणी पितात, भर दुपारी कमी धापा टाकतात, आणि दूधही त्या मानाने टिकून राहते. गाईचा फायदा तर झालाच. पण घरातल्या लक्ष्मीच्या कमरेचा फायदा झाला, तो कुणी हिशेबात धरत नाही. कारखान्याची सभासद यादी ज्याला मिळेल त्याने ती चाळावी आणि तिच्यात भगिनींची नावे किती आहेत ते आपले आपण मोजावे.

माणसांचे आणि जनावरांचे भागले की उरलेले पाणी उसाला. खरी कसोटी इथे लागते. सुरूच्या उसाला फुटवे येत असतात, खोडव्याला ताण सोसत नाही, आणि ताण पडला की खोडकिडा आलाच. पोंगे वाळलेले दिसले की ओळखावे. कालव्याचे आवर्तन ठरलेल्या तारखेला येतेच असे नाही. विहीर एका उपशात तळ दाखवते, मग मोटार बंद करून पाणी साठायची वाट पाहायची. अशा वेळी पाटाने भरणे म्हणजे निम्मे पाणी पाटालाच पाजणे. ठिबकवाल्याचे तेवढ्याच पाण्यात दुप्पट रान भिजते, हे बांधावर उभे राहून पाहिलेले असूनही आपल्यापैकी कित्येक जण ‘पुढच्या लागणीला बघू’ म्हणतात.

दुसरी गोष्ट पाचटाची. एकरी तीन-चार टन पाचट खोडव्यात पडलेले असते. ते काडी लावून पेटवायचे की सरीत दाबायचे, एवढाच प्रश्न. आच्छादन केले तर दोन पाण्यांतले अंतर वाढते, तण दबते, आणि कुजल्यावर तेच खत. पेटवले तर एका संध्याकाळी रान साफ दिसते, शेजारच्या बांधावरचे आंब्याचे झाड होरपळते, आणि कधी वारा फिरला तर शेजाऱ्याचा उभा ऊसही जातो. पेटवणाऱ्याला विचारले तर तो म्हणतो, ‘पाचटात उंदीर होतात, पाणी पुढं सरकत नाही.’ यातले पाण्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही, पहिले पाणी जड जाते. पण युरिया, सुपर फॉस्फेट आणि पाचट कुजवणारे जिवाणू टाकून ते सरीत दाबले, की दुसऱ्या-तिसऱ्या पाण्याला ते बसते. वैशाखात ज्याच्या विहिरीला दोन तासांचे पाणी आहे, त्याने पाचट जाळणे म्हणजे तहान लागलेली असताना तांब्या लवंडून देणे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आणि भरणे असते ते कधी? ज्या फीडरला अजून सोलरची दिवसाची लाईट मिळालेली नाही, त्यांना काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्रीच्या पाळीत बाराला लाईट आली की बाराला उठायचे. ऑटो बसवला म्हणून मोटार आपोआप चालू होते, पण सरी भरली की पाणी आपोआप पुढच्या सरीत जात नाही. त्याला खोरे घेऊन माणूसच लागतो. पूर्वी या माणसाला भीती होती ती फक्त जनावराची, म्हणजे सापाची. घोणस आणि मण्यार आजही आहेत. म्हणून बॅटरी, गमबूट आणि काठी, या तीन वस्तूंशिवाय रात्री रानात पाय टाकू नये. आणि पान लागलेच तर देवाच्या पारावर वेळ न दवडता थेट जिथे लस आहे असा दवाखाना गाठावा. एवढे तरी आता प्रत्येक घरात ठरलेले असावे.

सापाच्या जोडीला आता बिबट्या आला. जुन्नर भागात २००१ ते २००३ या वर्षांत माणसांवर हल्ले झाले तेव्हा आपल्याकडे ती दूरची बातमी वाटली होती. आज अकोल्यापासून राहुरीपर्यंत क्वचितच एखादी वस्ती असेल जिचा कुत्रा गेला नाही. यात बिबट्याचे काही कारस्थान नाही. बारा-चौदा महिने उभा असणारा ऊस म्हणजे त्याला आयते जंगल. त्यात सावली, पाणी, जवळच शेळ्या, कुत्री. मादी पिले घालते तीही उसातच. तोडणीत पिले सापडतात, अशा वेळी ती उचलून घरी आणू नयेत, फोटोसाठी मांडीवर घेऊ नयेत. तोडणी थांबवून वनखात्याला कळवावे आणि बाजूला व्हावे. अंधार पडल्यावर मादी पिलांच्या शोधात तिथेच येते आणि बहुधा ती घेऊन जाते. आणि ऊस तुटून रान मोकळे झाले की त्या जनावराचाही आडोसा जातो, तेही वस्तीच्या आसपास भटकते.

याने वस्तीच्या उन्हाळ्यातले एक मोठे सुख हिरावून घेतले, ते म्हणजे अंगणातली झोप. बाजा ओळीने टाकायच्या, अंगणात पाणी शिंपडायचे, आजीने नातवाला सप्तर्षी दाखवायचे, पहाटेच्या गारव्याला गोधडी ओढायची. आमच्या पिढीतली माणसे सगळा उन्हाळा अशीच झोपली. आता सात वाजले की पोरे आत, शेळ्या आत, दाराला कडी. पत्र्याच्या घरात दिवसभराचे तापलेले ऊन मध्यरात्रीपर्यंत उतरत नाही, पंखा गरम हवा फिरवतो आणि सिंगल फेजही गेली तर पुठ्ठा हलवत बसायचे. त्याच रात्री बाराला त्या घरातला एक माणूस कडी काढून उसात पाण्याला जातो, आणि तो परत येईपर्यंत घरातली बाई जागी असते. दिवसाच्या लाईटची मागणी सोय म्हणून केली जाते असे कुणाला वाटत असेल, तर त्याने एक रात्र त्या बाईजवळ बसून पाहावे.

दुपार मात्र खरी लिंबाखालची. बारा ते चार काही हलत नाही. जनावरे रवंथ करतात, म्हातारा माणूस दोरखंड वळतो, नाहीतर डोक्यावर ओला पंचा टाकून पडतो. ताक, कांदा, कैरीचे पन्हे. याच वेळात वसुलीवाले, विमावाले आणि सोयरीक घेऊन येणारे यांच्या फेऱ्या होतात, कारण माणूस घरी सापडतो.

कुरडयांचे दिवस आले की वस्तीला रूप येते. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, त्याला वास मारू लागला की नवी सून नाक मुरडते आणि सासू हसते. मग वाटून, पिळून चीक काढायचा, रात्रभर तो खाली बसू द्यायचा. पहाटे वरचे पाणी ओतून टाकायचे, मोठ्या पातेल्यात आधण, मीठ, हिंग, आणि मग चीक ओतून एकजण घाटत राहणार. गुठळी झाली की सगळे गेले. हे घाटणे जोराचे काम आहे, चुलीच्या धगीत दोघी आळीपाळीने उभ्या राहतात. ऊन वर यायच्या आत सोऱ्याने कुरडया जुन्या धोतरावर पडल्या पाहिजेत. पोरे वाटी घेऊन गरम चिकासाठी ताटकळलेली असतात, कुणाला दूध-साखर, कुणाला तेल-तिखट. वस्त्या लांब लांब असल्या तरी या कामाला इर्जिक चालते, आज हिच्या अंगणात, परवा तिच्या. आता गावात कुरडया, शेवया करून देणारी यंत्रे आली आहेत, गहू नेऊन दिला की तयार माल मिळतो. त्याला नावे ठेवायचे आमच्या मनात नाही. कंबर वाचते. पण या कामानिमित्ताने चार बायका चार तास एकत्र बसत आणि घरात न बोलता येणारे तिथे बोलत, त्याला पर्यायी यंत्र अजून आलेले नाही.

अक्षय्य तृतीयेला पितरांना आमरस दाखवला की मग घरात आंबा फुटतो. सुट्टीत पुण्या-चिंचवडाहून नातवंडे येतात. पहिला दिवस रेंज शोधण्यात जातो, तिसऱ्या दिवशी चप्पल सापडत नाही, आठव्या दिवशी घरी जायचे नाव काढत नाहीत. पूर्वी ती पाठीला वाळका भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकत. आता पाणी खोल गेले आणि विहिरींना कठडे नाहीत. ज्यांच्या विहिरी उघड्या आहेत त्यांनी या उन्हाळ्यातच कठडा बांधून घ्यावा. पोरांसाठी तर हवाच, पण रात्री जनावराच्या मागे पळताना बिबटेही विहिरीत पडतात, आणि मग तमाशाला सारे गाव आपल्या उसातून तुडवत येते.

बहात्तरच्या दुष्काळाची आठवण निघाल्याशिवाय वस्तीवरचा उन्हाळा सरत नाही. लाल मिलोच्या भाकरी आणि खडी फोडायची कामे. तेव्हाचा माणूस म्हणतो, प्यायला पाणी होतं, खायला दाणा नव्हता. आता दाणा आहे, पाण्याला टँकर. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले तेव्हा म्हाताऱ्यांच्या या बोलण्याचा अर्थ नातवांना कळला.

रोहिणी लागल्या की सगळ्यांच्या नजरा आभाळाकडे. वळवाची पहिली मोठी सर पडून गेली की त्याच संध्याकाळपासून हुमणीचे भुंगेरे जमिनीतून निघून लिंबावर, बाभळीवर, बोरीवर पाला खायला जमतात. हेच पुढे अंडी घालणार आणि श्रावणात उसाच्या मुळ्या खाणार. सात ते नऊ ही वेळ साधावी. झाडाखाली जुने धोतर अंथरावे, फांद्या काठीने हलवाव्यात, पडलेले भुंगेरे गोळा करून साबणाच्या पाण्यात टाकावेत. रॉकेल आता सहसा मिळत नाही. दिव्याचा सापळाही लावावा. हे काम एकट्याच्या रानाचे नाही, आपण वेचले आणि शेजाऱ्याने सोडले तर उपयोग शून्य. शेजारच्या चार वस्त्यांनी एकाच संध्याकाळी, पोराबाळांसह, घोळक्याने, हातात बॅटऱ्या घेऊन निघावे. घोळका असला की बिबट्याही लांब राहतो.