पाडव्याचा ब्रंच : पुऱ्या कोण तळणार?

गुढीपाडव्याचा मेनू ठरवायला बसलं की पहिला प्रश्न येतो, ‘गोड काय करायचं?’ खरं तर पहिला प्रश्न वेगळाच हवा. पुऱ्या कोण तळणार? सण दोघांचा, घर दोघांचं, नोकरी दोघांची. पण बाकीचे सगळे ‘गरम आहेत ना, आण अजून दोन’ म्हणत असताना कढईपुढे घाम पुसत उभी राहणारी व्यक्ती बहुतेक घरांत एकच! ती पानावर बसते तेव्हा गप्पा संपलेल्या असतात.

यावर झकास तोडगा म्हणजे ब्रंच. गाय बेरिंजर या इंग्रज लेखकाने १८९५ साली या प्रकाराची बाजू मांडली, ती रविवारी उशिरा उठणाऱ्यांसाठी. पाडव्याला लोळत पडायची सोय नाही, गुढी सकाळीच उभारायची असते. पण गुढी, कडुलिंबाचा प्रसाद आणि मग अकराच्या सुमारास एकच निवांत जेवण असं ठरवलं, की नाश्ता आणि जेवण ही डबल धावपळ वाचते. दोन्हीकडचे आई-बाबा धरून आठ जणांचा हिशेब मांडूया.

आदल्या दिवशी

श्रीखंड घरीच करा. दीड किलो घट्ट दही फडक्यात बांधून चाळणीवर, फ्रीजमध्येच रात्रभर निथळत ठेवा. चैत्रातल्या उकाड्यात बाहेर टांगलं तर आंबट होतं. सहा-सातशे ग्रॅम चक्का मिळेल. त्यात साधारण पाऊणपट साखर मिसळून तासभर ठेवा, मग पुरणयंत्रातून काढा. मिक्सर नको, श्रीखंड पातळ होतं. कोमट दुधात भिजवलेलं केशर, वेलची, जायफळ शेवटी.

पन्ह्यासाठी कैऱ्या उकडून गर काढा. गराच्या दुप्पट गूळ, चिमूटभर मीठ, वेलची घालून फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी फक्त गार पाणी ओतायचं. कोथिंबीर वडीचे उंडेही आजच वाफवून घ्या. आणि हो, हरभऱ्याची डाळ भिजत घालायला विसरू नका.

पाडव्याच्या सकाळी

भिजलेल्या डाळीतली चमचाभर कडुलिंबाची कोवळी पानं, गूळ, ओवा, हिंग यांच्याबरोबर वाटली की प्रसाद तयार. उरलेली डाळ भरड वाटा. त्यात किसलेली कैरी, ओलं खोबरं, साखर-मीठ आणि वरून हिंग-हळदीची खमंग फोडणी. झाली कैरीची डाळ! ही उन्हात लवकर आंबते, म्हणून सकाळीच करायची आणि वाढेपर्यंत फ्रीजमध्ये.

बटाट्याची पिवळी भाजी आणि काकडीची कोशिंबीर एवढं पुरे. कोशिंबिरीत मीठ अगदी वाढताना घाला, नाहीतर पाणी सुटतं. वड्या कापून तव्यावर थोड्या तेलात परता. मसालेभाताचा मोह टाळा. पुरी, डाळ, बटाटा, श्रीखंड एवढं झाल्यावर भाताला पोटात जागाच कुठे उरते?

आता पुऱ्या!

पाऊण किलो कणकेत लहान पन्नासेक पुऱ्या होतात. यातल्या निम्म्या तिखटमिठाच्या करा. कणकेत तिखट, हळद, ओवा, तीळ आणि कडकडीत तेलाचं मोहन घालायचं. या पुऱ्या गार झाल्या तरी छान लागतात, श्रीखंडाबरोबर तर फर्मासच! त्या साडेदहाच्या आत तळून डब्यात भरा.

साध्या पुऱ्या मात्र गरमच हव्यात, विशेषतः सासरेबुवांना. मग शिफ्ट लावा. पहिला घाणा नवऱ्याने, दुसरा बायकोने, तिसरा हौशी पाहुण्याने. पीठ घट्ट, तेल चांगलं तापलेलं, पुरी टाकल्यावर झाऱ्याने हलकेच दाबायची, एवढं जमलं की कुणालाही येतं. ‘जावईबापू तळणार?’ असं कुणी म्हणालंच, तर त्यांच्याच पानात पहिली टम्म पुरी वाढा. पुढची चर्चा आपोआप बंद!

फायनल मेनू : प्रसाद, पन्हं, कोथिंबीर वडी, कैरीची डाळ, कोशिंबीर, बटाट्याची भाजी, दोन प्रकारच्या पुऱ्या, श्रीखंड. सगळं टेबलावर मांडा, ज्याने त्याने हवं ते घ्यावं. आणि भांडी? जे जेवले, त्या सगळ्यांची!