संगणकाचा कारभारी कोण नेमावा?

दसरा-दिवाळीच्या सुमारास घरात एखादी नवी वस्तू आणण्याचे बेत होऊ लागतात, आणि अलीकडे त्यांत संगणकाचे नाव वरच्या क्रमांकावर असते. मुलाचे महाविद्यालय, सुनेचे घरून चालणारे काम, आजोबांनी लिहावयास घेतलेल्या आठवणी, अशी कारणे घरोघरी निराळी असतात. दुकानात गेल्यावर आपण पडदा केवढा, मेमरी किती, किंमत काय, हे सारे विचारतो. मात्र या यंत्राचा कारभार कोणती ‘ऑपरेटिंग सिस्टिम’ पाहणार, हा प्रश्न बहुधा विचारावयाचा राहून जातो. पुढील कित्येक वर्षांचे सुख वा मनस्ताप त्याच्याच उत्तरावर अवलंबून असतो, म्हणून त्याविषयी चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटले.

ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे कार्यप्रणाली, ही संगणकाची दिवाण होय. कळफलकावरून आलेली आज्ञा ऐकणे, कागदपत्रे जागच्या जागी ठेवणे, छपाईयंत्राकडून काम करून घेणे, परक्यांस आत येऊ न देणे, हे सर्व तिचे काम. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे येथील वाचकांस दिवाणाचे महत्त्व सांगावयास नकोच. दिवाण चांगला नसेल तर खजिना भरलेला असूनही राज्य चालत नाही, तसेच महागड्या यंत्राचेही होते.

सध्या घरगुती संगणकासाठी मुख्यतः तीन प्रणालींचा विचार करावा लागतो. पहिली विंडोज. मायक्रोसॉफ्ट कंपनीने ती १९८५ साली बाजारात आणली. दुकानातील बहुतेक यंत्रे तिच्यासहच येतात, गल्लीतल्या दुरुस्ती करणाऱ्यास ती ठाऊक असते, आणि व्यापाऱ्यांच्या नित्य वापरातील ‘टॅली’ हा हिशेबाचा कार्यक्रम तिच्यावरच चालविण्यासाठी बनविलेला आहे. घरात दुकानाच्या हिशेबाचे काम असेल तर हा मुद्दा निर्णायक समजावा.

तथापि येथे दोन गोष्टींची सावधगिरी हवी. काही यंत्रे ‘डॉस’ असे लिहून थोड्या कमी किमतीस विकली जातात. त्यांत विंडोज नसते. मग एखादा विक्रेता “आम्ही फुकट घालून देतो” म्हणून परवाना नसलेली प्रत घालून देतो. ही प्रत फुकट नव्हे, चोरीची होय. तिच्याबरोबर आणखी काय आत शिरले आहे हेही कळत नाही. दुसरी गोष्ट मुदतीची. २०१५ साली आलेल्या विंडोज १० ची नियमित सुरक्षा-दुरुस्ती, ठरावीक काळाची वाढीव सोय सोडल्यास, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. २०२१ साली आलेल्या विंडोज ११ साठी यंत्रात ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षा-व्यवस्था असावी लागते, आणि कित्येक धडधाकट जुन्या यंत्रांत ती नाही. तेव्हा सवलतीत मिळणारे जुने यंत्र घेण्यापूर्वी ते विंडोज ११ साठी पात्र आहे का, हे अवश्य विचारावे.

दुसरी मॅक ओएस. ही ॲपल कंपनीच्या स्वतःच्या यंत्रांबरोबरच मिळते. इतर यंत्रांवर ती घालण्याची परवानगी नाही. प्रणाली व यंत्र एकाच घरचे असल्यामुळे कुरबुरी कमी होतात. चित्र, संगीत, चलच्चित्र यांचे काम करणारे तिच्यावर विशेष खूश असतात. पहिला खर्च मात्र मोठा. शिवाय २०२० नंतर आलेल्या ॲपलच्या स्वतःच्या प्रोसेसरच्या यंत्रांत मेमरी मागाहून वाढविता येत नाही. पुढील गरज ओळखून खरेदीच्या दिवशीच ती पुरेशी घ्यावी लागते.

तिसरी लिनक्स. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या तरुणाने १९९१ साली तिच्या गाभ्याचा आरंभ केला, आणि पुढे जगभरच्या जाणकारांनी ती वाढविली. ती कोणीही विनामूल्य घ्यावी, वापरावी, दुसऱ्यास द्यावी, अशी परवान्यातच मोकळीक आहे. उबुंटू आणि लिनक्स मिंट ही तिची घरगुती वापरास सोयीची रूपे. केरळातील सरकारी शाळांनी या मुक्त प्रणालीचा मार्ग पत्करूनही बरीच वर्षे लोटली. विंडोज ११ ने नाकारलेले जुने यंत्र हिच्यामुळे पुष्कळदा पुन्हा कामास लागते. पेनड्राइव्हवरून चालवून, यंत्रातील काहीही न पुसता, ती आधी पारखूनही पाहता येते. उणिवाही आहेत. टॅलीसारखे कार्यक्रम तिच्यावर सरळ चालत नाहीत, काही छपाईयंत्रे अडून बसतात, आणि अडचण आली तर जवळपास जाणकार सापडेलच असे नाही.

आता आपल्या घरांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. महाराष्ट्राबाहेरील मराठी कुटुंबांत मुले शाळेत कन्नड, हिंदी, गुजराती वा तेलुगू वाचतात. मराठी लिहिणे पुष्कळदा घरातच घडते. घरच्या संगणकावर मराठी सहज उमटली नाही, तर पुढची पिढी ती रोमन अक्षरांत लिहू लागेल आणि हळूहळू लिहिणेच सोडील. आमच्या शाळेतील मुलांत हे आम्ही रोज पाहतो.

आनंदाची गोष्ट अशी की, या बाबतीत तिन्ही प्रणाली कामाच्या आहेत. ‘इन्स्क्रिप्ट’ हा १९९१ च्या भारतीय मानकातील कळफलक तिन्हींवर चालतो. त्याची रचना भारतीय लिप्यांना समान आहे. मराठी ‘क’ ज्या कळीवर, तिथेच कन्नड, गुजराती, तेलुगू ‘क’. एक कळफलक शिकलेल्या मुलास घरची व शाळेची अशा दोन्ही भाषा त्यावर लिहिता येतात. दुकानातच मराठी कळफलक सुरू करावयास सांगून ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन शब्द लिहून पाहावेत. गुरुजी आणि स्वयंपाकी यांतला भेद यंत्रास कळला, तर ते मराठी जाणते असे समजावे. ‘ॲ’ हे अक्षरही पाहावे. युनिकोड या जागतिक संकेतात ते २००८ साली समाविष्ट झाले, त्यामुळे फार जुन्या व्यवस्थेत त्याच्या जागी नुसता चौकोन दिसतो.

युनिकोडचा आग्रह धरण्यास आणखी एक कारण आहे. १९९० च्या दशकात मराठी फाँट बनविणाऱ्यांचे संकेत निरनिराळे होते. तो विशिष्ट फाँट नसलेल्या यंत्रावर त्या काळचा मजकूर उघडला तर निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. कित्येक मंडळांचे अहवाल आणि घराण्यांच्या वंशावळी अशा अडकून पडल्या आहेत. आज युनिकोडमध्ये लिहिलेले मात्र तिन्ही प्रणालींवर वाचता येते. लिब्रेऑफिस हा लेखनाचा विनामूल्य कार्यक्रमही तिन्हींवर चालतो.

आमचा सल्ला थोडक्यात असा. टॅली किंवा नोकरीचे ठरावीक कार्यक्रम असतील तर परवान्यासह विंडोज ११ घ्यावे. कलेचे काम आणि खिशाची अनुकूलता दोन्ही असतील तर मॅक. वाचन, लेखन, पत्रव्यवहार आणि मुलांचा अभ्यास एवढेच काम असून घरात थोडी जिज्ञासा असेल तर लिनक्स, आणि तेही आधी जुन्या यंत्रावर पारखून. निवड कोणतीही करा, बिघाड झाल्यास कोणास हाक मारावयाची ते खरेदीपूर्वीच ठरवून ठेवा. घरातील मराठी लिखाणाची एक प्रत यंत्राबाहेर, वेगळ्या डिस्कवर अवश्य असू द्या. कारभारी बदलला तरी दप्तर आपल्याच हाती राहील.